डिस्चार्जनंतरचे नव्वद दिवस

घरातल्या मोठ्या माणसाला पक्षाघात होतो, रुग्णालय आठ-दहा दिवसांत डिस्चार्ज देतं आणि मुलं त्यांना घरी न आणता घोडबंदर रोडवरच्या नाहीतर खारघरच्या एखाद्या पुनर्वसन केंद्रात हलवतात. लगेच बिल्डिंगमध्ये आणि भावकीत दोन तट पडतात. ‘जन्मदात्याला बाहेर नेऊन टाकलं,’ असं एक तट म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘पैसा आहे म्हणून जमतंय, तिथे मशीन पेशंटला चालवतं म्हणे.’ आरोग्य पुरवण्यांमध्ये हाच वाद जरा इस्त्री करून येतो: मायेचं घर विरुद्ध सोयींचं सेंटर. या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही. रुग्ण जिथे असेल तिथे रोज किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, नेमकं काय करणार आहे? माझं म्हणणं असं की मध्यम आणि तीव्र पक्षाघातानंतर तीन ते सहा आठवडे दाखल राहून केलेलं पुनर्वसन हा उपचार आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन जितका उपचार आहे तितकाच. तो विम्यात बसला पाहिजे आणि ठाणे व नवी मुंबईच्या महापालिकांनी आपल्या रुग्णालयांत त्यासाठी खाटा राखल्या पाहिजेत. झटका सौम्य असेल तर रुग्णाने घरीच जावं, जितक्या लवकर जाता येईल तितकं बरं. फक्त त्याच्यामागोमाग थेरपिस्टही त्या घरी पोचला पाहिजे.

झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत रुग्णालय गाठा, हा संदेश आता बऱ्यापैकी पसरला आहे आणि त्याबद्दल कुरकुर करायचं कारण नाही. पण गुठळी विरघळली तरी अनेकांचा हात लुळा राहतो, जीभ अडखळते, तोल जातो. शिवाय कित्येक जण त्या साडेचार तासांत पोचतच नाहीत. आपली चर्चा मात्र इंजेक्शनपाशी थांबते. डिस्चार्ज कार्ड पाहा. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, रात्री एक. अ‍ॅस्पिरिन ७५, जेवणानंतर. आणि सगळ्यात खाली, ‘फिजिओथेरपी चालू ठेवा.’ किती मिनिटं? आठवड्यातून किती दिवस? कशासाठी: चालण्यासाठी, गिळण्यासाठी, की शर्टाची बटणं लावण्यासाठी? गोळीचा डोस मिलिग्रॅममध्ये लिहिणारा हात या ओळीशी आला की सैल पडतो.

हा डोस कुठे ठरलेलाच नाही, असं नव्हे. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली प्रत्येक थेरपीसाठी दिवसाला ४५ मिनिटं सांगितली होती. २०२३ च्या सुधारित मार्गदर्शिकेत सगळ्या थेरपी मिळून दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस, असं झालं. अमेरिकेत दाखल पुनर्वसनासाठी तीन तासांचाच निकष वर्षानुवर्षं आहे. आता आपल्याकडचा हिशोब मांडू. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट साधारण पाऊण तास देतो, भेटीचे पाचशे ते हजार रुपये घेतो आणि घरच्यांच्या ऐपतीप्रमाणे आठवड्यातून तीन ते सहा वेळा येतो. सहाच्या सहा दिवस धरले तरी आठवड्याला साडेचार तास. समोर ‘नाइस’चे पंधरा. चार आठवड्यांत १८ विरुद्ध ६०. त्या १८ तासांत अंघोळ, कपडे, जेवण शिकवणारी ऑक्युपेशनल थेरपी बहुधा शून्य आणि बोलण्या-गिळण्याची स्पीच थेरपीही शून्य. त्यात थेरपीचा तास म्हणजे तासभर हालचाल असंही नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जिथे हाताचा प्रत्यक्ष कामाचा सराव झाला अशा सत्रांत सरासरी ३२ पुनरावृत्ती भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल घडवायला दिवसाला शेकडो लागल्या होत्या. तिथे पूर्ण सत्रांची ही गत. मग पाऊण तासात बीपी बघून, पलंगावरून उठवून, आखडलेला पाय ताणून झाल्यावर काय शिल्लक राहतं?

‘माणूस सावकाश सुधारेल, घाई कशाला?’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं आणि महागात पडतं. कोपनहेगनमधल्या एका मोठ्या अभ्यासात, जो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, ९५ टक्के रुग्णांची रोजच्या व्यवहारातली सुधारणा साडेबारा आठवड्यांत आपल्या टोकाला पोचलेली दिसली. याचा अर्थ ‘तीन महिन्यांनंतर काही होत नाही’ असा काढणारे डॉक्टरही चुकतात. वर्षा-दोन वर्षांनीही नेटाने सराव केला तर चाल सुधारते, हात थोडा उघडतो. पण तेच कष्ट आधी घेतले तर पदरात जास्त पडतं. २०२१ मध्ये अमेरिकेत ७२ रुग्णांवर एक प्रयोग झाला. नेहमीच्या थेरपीवर हाताचा २० तास जादा सराव द्यायचा; काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दोन-तीन महिन्यांनी, काहींना सहा महिने उलटल्यावर. सगळ्यात जास्त फायदा दोन-तीन महिन्यांच्या गटाला झाला, पहिल्या महिन्यातल्यांना त्याखालोखाल, आणि सहा महिन्यांनंतरच्या गटात म्हणावा असा फरक दिसला नाही. ७२ हा आकडा लहान आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी आपल्याकडे नेमके हे आठवडे कशात जातात ते बघा: ब्युरोकडून मावशी मिळवण्यात, पहिली मावशी सोडून गेल्यावर दुसरी शोधण्यात, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून लांबच्या एखाद्या मालिशवाल्याकडे गाडी करून जाण्यात. लकव्यावर कबुतराचं रक्त चोळणारे अजून आहेत. त्यांच्यावर हसण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की कार्डावर ‘चालू ठेवा’ लिहून मोकळ्या झालेल्या व्यवस्थेनेच ती जागा रिकामी सोडली.

घरी काय बिघडतं, ते नीट सांगायला हवं, कारण ‘घरी प्रेमाने होईल’ हा युक्तिवाद तपशिलात शिरला की टिकत नाही. पहिला बळी खांदा. लुळ्या हाताचं वजन पेलणारे स्नायू ढिले पडलेले असतात, खांद्याच्या खोबणीतून हाड खाली सरकतं, बोटभर खळगा हाताला लागतो. अशा माणसाला उठवताना मुलगा काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढतो. दोन आठवड्यांत खांदा असा दुखू लागतो की रुग्ण थेरपिस्टला हात लावू देत नाही. त्यावर उपाय म्हणून कुणीतरी दाराच्या चौकटीला दोरी-पुली बांधतं. या रुग्णांसाठी डोक्यावरची पुली टाळावी, असं मार्गदर्शिका स्पष्ट सांगतात. मग येतो स्पंजचा बॉल. मूठ आवळणारे स्नायू आपोआप कडक होतच असतात. कमतरता असते ती बोटं उघडण्याची, आणि दिवसभर बॉल दाबायला लावून आपण नेमका नको तो सराव करून घेतो. तिकडे पाऊल खाली पडलेलं असतं. महिना-दोन महिने ते तसंच राहिलं की टाचेची शीर आखडते, टाच जमिनीला टेकत नाही, आणि नंतर आणलेला पायाचा स्प्लिंट बसत नाही.

गिळण्याचं प्रकरण जास्त धोक्याचं, कारण ते दिसत नाही. पातळ पाणी आणि चहा सगळ्यात अवघड. घट्ट पदार्थापेक्षा पातळ पदार्थ श्वासनलिकेत लवकर उतरतो. घरचे मात्र ‘निदान दोन चमचे चहा तरी घ्या’ म्हणून आडव्या माणसाच्या तोंडात घालतात. आमटी-भातात पातळ आणि घन एकत्र येतं, पोहे-चुरमुऱ्यांचे कण घशात विखुरतात. एकजीव मऊ खिचडी, घट्ट दही, घोटलेलं फळ, ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन, चमच्याने थोडं थोडं, आणि खाणं झाल्यावर अर्धा तास बसून राहणं. तेही गिळण्याची तपासणी झाल्यानंतरच. प्रत्येकाला एकच पथ्य लागू पडत नाही, म्हणून तर स्पीच थेरपिस्ट लागतो. ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. संवेदना गेलेल्या घशात अन्न निमूट खाली उतरतं आणि चौथ्या दिवशी ताप येतो. मग पुन्हा आयसीयू.

या चुका माया कमी पडते म्हणून होत नाहीत. शिकवलेलं नसतं म्हणून होतात, आणि काही तर माया जास्त असते म्हणून. ‘आई, तुम्ही बसा, मी आणते’ हे सुनेचं वाक्य दिवसातून वीसदा उच्चारलं की वीस वेळा उभं राहण्याची संधी गेली. पुनर्वसनात वापरली जाणारी ‘फिम’ ही मोजपट्टी १८ बाबींत रुग्णाला किती मदत लागते ते १ ते ७ मध्ये मोजते. तिचं सगळं लक्ष मदत कमी होते आहे का याकडे असतं. चांगल्या वॉर्डात परिचारिका ग्लास हातात देत नाही. ती तो कमजोर बाजूला, हात पोचेल इतक्या अंतरावर ठेवते. सदरा घालताना कमजोर हात आधी, काढताना तो शेवटी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी. पलंगावरून व्हीलचेअरवर जाताना खुर्ची चांगल्या बाजूला तिरकी, ब्रेक लावलेला, पावलं जमिनीवर सपाट, आणि नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल इतकं वाकून मग उठायचं. लघवीसाठी कायमचं डायपर बांधण्याऐवजी दर दोन तासांनी कमोडवर. हे एकदा दाखवून येत नाही. दिवसातून आठ-दहा वेळा, प्रत्येक पाळीच्या माणसाने एकाच पद्धतीने करून घेतलं तर पंधरवड्यात अंगवळणी पडतं. तीन पाळ्यांत एकच पद्धत चालवणं घराला कसं जमावं?

आता विरुद्ध बाजू, तिच्या पूर्ण ताकदीनिशी. घराच्या बाजूने पुरावा आहे आणि तो भक्कम आहे. सौम्य-मध्यम झटक्यानंतर रुग्णाला लवकर घरी सोडून थेरपिस्टांचं पथक त्याच्या मागे घरी पाठवण्याची पद्धत युरोपात तपासली गेली. त्यात परावलंबन कमी झालं आणि रुग्णालयातले दिवस वाचले. २०११ मध्ये अमेरिकेत ४०८ रुग्णांवर ट्रेडमिलला टांगून चालवण्याची महागडी पद्धत आणि घरी करवून घेतलेला व्यायाम यांची तुलना झाली. घर कुठेही मागे पडलं नाही. एवढं वाचून ‘बघा, घरच बरं’ म्हणणाऱ्यांनी पुढची ओळही वाचावी. त्या ‘घरी’ फिजिओथेरपिस्ट ३६ वेळा यायचा, प्रत्येक वेळी ९० मिनिटांसाठी. पथक सोडून दिलं आणि फक्त घर उचललं, तर आपण त्या प्रयोगातलं औषध टाकून बाटली घेतली.

भारतातला पुरावा तर आणखी बोलका. बिगर-तज्ज्ञांकडून, म्हणजे घरच्यांकडूनच पुनर्वसन करून घ्यावं, या कल्पनेची रीतसर परीक्षा इथेच झाली: ‘अटेंड’ नावाचा अभ्यास, १४ भारतीय रुग्णालयं, १,२५० रुग्ण, २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध. कुटुंबातल्या एकाला रुग्णालयात प्रशिक्षण द्यायचं, घरी काही भेटी द्यायच्या आणि पुढे त्याने चालवायचं. कल्पना स्वस्त होती, सुंदर होती, यशस्वी व्हावी असं कुणालाही वाटलं असतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी रुग्णांचं प्रमाण सारखंच निघालं, ४७ टक्के. कुणी म्हणेल, यावरून दाखल पुनर्वसन चांगलं हे सिद्ध होत नाही. बरोबर, होत नाही. त्या अभ्यासात ते तपासलेलंच नव्हतं. पण ‘घरच्यांना चार गोष्टी शिकवल्या की भागतं’ हे गृहीतक, ज्यावर आपला अख्खा डिस्चार्ज उभा आहे, त्याला या निकालाने आधार दिला नाही. आणि निम्म्याच्या जवळपास रुग्ण मृत किंवा परावलंबी, हे नेहमीच्या उपचारांचं चित्र आहे. यावर समाधान मानायचं?

दुसरा आक्षेप केंद्रांवरचा आहे आणि तोही खोटा नाही. दाखल असणं म्हणजे काम होणं नव्हे. मेलबर्नच्या पाच स्ट्रोक युनिटांत २००४ साली रुग्णांवर नजर ठेवली तेव्हा दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ ते पलंगावर होते आणि साठ टक्के वेळ एकटे. हे ऑस्ट्रेलियात. आपल्याकडच्या काही ‘रिहॅब’मध्ये सकाळी अर्धा तास थेरपी, मग टीव्ही आणि संध्याकाळी व्हीलचेअरवर गच्चीत फेरी, एवढ्यावर लाखाच्या पुढचं बिल होतं. घाईचाही अतिरेक नको: २०१५ च्या ‘अ‍ॅव्हर्ट’ अभ्यासात पहिल्या २४ तासांतच वारंवार आणि जास्त वेळ उठवलेल्या रुग्णांचा तीन महिन्यांनंतरचा निकाल उलट खालावला. आणि रोबोट? ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर हाताच्या रोबोटची चाचणी झाली, २०१९ मध्ये निकाल आला; नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम सुधारलं नाही. जाहिरातीत रोबोट दिसला की माणसं भारावतात. विचारायला हवं ते असं: स्पीच थेरपिस्ट पूर्णवेळ आहे का? दर आठवड्याला लेखी उद्दिष्ट ठरतं का? रुग्ण दिवसा स्वतःच्या कपड्यांत असतो की गाऊनमध्ये? जेवण टेबलावर होतं की पलंगावर? उत्तरं नाराज करणारी असतील तर तिथून रुग्णाला खुशाल घरी न्यावं.

पण मग चांगला वॉर्ड उभा राहतच का नाही? कारण त्याचे पैसे कुणी देत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य पॉलिसींमधले अपवाद प्रमाणित केले. त्यातल्या पाचव्या अपवादाच्या शीर्षकात विश्रांती-उपचार, पुनर्वसन आणि काळजीवाहकाला विसावा देणारी सेवा हे तिन्ही एकत्र बांधले आहेत. मजकुरात मात्र म्हटलंय की जिथे दाखल होणं मुख्यतः सक्तीच्या विश्रांतीसाठी आहे, उपचारासाठी नाही, तो खर्च मिळणार नाही. अंघोळ, कपडे, हिंडणं-फिरणं यांतल्या मदतीसाठीची देखभालही वगळलेली. आता विचार करा. रोज तीन तास घाम गाळणारा माणूस सक्तीच्या विश्रांतीत कसा बसतो? कुणीतरी अंघोळ घालणं आणि एका हाताने अंघोळ करायला शिकणं, या दोन गोष्टी कारकुनालाही वेगळ्या कळाव्यात. विमा कंपन्यांची भीती मी समजू शकतो: दार उघडलं तर लोक म्हाताऱ्यांना वर्षभर ठेवतील. त्याला तोड आहे. दाखल होताना आणि दर आठवड्याला ‘फिम’ किंवा बार्थेल गुणांक (रोजची कामं रुग्ण स्वतः किती करतो ते मोजणारा), जास्तीत जास्त ४२ दिवस, आणि लागोपाठ दोन आठवडे गुण वाढले नाहीत तर मंजुरी बंद. गुडघा बदलताना पूर्वमंजुरीचे कागद मागताच ना? इथेही मागा.

इतिहासात हे भांडण आधी झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत कण्याला इजा झालेला सैनिक म्हणजे बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने मरायला टेकलेला माणूस, असंच धरलं जाई. त्याला शांतपणे ठेवावं, एवढंच. १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात वेगळा विभाग उघडला, दर दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त लावली, रुग्णांना कामाला आणि खेळाला जुंपलं, आणि १९४८ मध्ये तिथल्या मैदानावर पॅरालिम्पिकचं बीज पडलं. आपले जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. कमरेखाली लुळ्या पडलेल्या लष्कराच्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक केंद्र १९७४ पासून आहे. सैनिकाच्या बाबतीत पुनर्वसन ही चैन आहे असं म्हणायची कुणाची छाती होत नाही, आणि होऊ नये. मग वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं लेथ चालवलेल्या कामगाराच्या बाबतीत तीच गोष्ट ‘घरचा प्रश्न’ कशी होते? मुंबईत तर हा विचार नवा नाही. हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था १९५५ साली उभी राहिली. अडचण एवढीच की कासारवडवलीहून तिथे जायचं म्हणजे ठाणे स्टेशन, दादरचा पूल, गाडी बदलून महालक्ष्मी; अर्धं अंग लुळं असलेल्या माणसाला हा प्रवास रोज कोण घडवणार? कळवा आणि वाशीची पालिका रुग्णालयं जवळ आहेत, आणि नवी मुंबई महापालिका तर वाशीच्या ईटीसी केंद्रात दिव्यांग मुलांना शिक्षण आणि थेरपी एका छताखाली देते. म्हणजे पालिकेला हे काम परकं नाही.

‘ज्या कळव्याच्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्ण दगावले आणि गर्दीचा, खाटांचा प्रश्न राज्यभर गाजला, तिथे तुम्ही चालणं शिकवायला महिना-महिना खाट अडवणार?’ माझ्या दृष्टीने हा सगळ्यात जड आक्षेप. तातडीच्या खाटा तोडून पुनर्वसन करा, असं मी म्हणणारही नाही. पण न्यूमोनिया, बेडसोअर, पडून मोडलेलं खुब्याचं हाड घेऊन तोच रुग्ण परत येतो तेव्हा तो कोणती खाट अडवतो? तातडीचीच. पुनर्वसनाच्या खाटेला व्हेंटिलेटर लागत नाही, ऑक्सिजनची सोय असली तरी क्वचित वापरात येते. महागडी यंत्रंही नकोत. लागते ती मोकळी फरशी, दहा फुटी समांतर दांड्या, आरसा, चार पायऱ्यांचा जिना, सरावासाठी ओटा-गॅस, जेवणाचं टेबल, एक भारतीय आणि एक कमोडचं शौचालय. आणि माणसं. वीस रुग्ण, प्रत्येकी तीन तास, म्हणजे दिवसाला साठ तास थेरपी. एक थेरपिस्ट सहा तासांहून जास्त प्रत्यक्ष काम करू शकत नाही, तेव्हा दहा जण. काही सत्रं गटात घेतली आणि प्रशिक्षणार्थी हाताशी असले तर सात-आठांत भागेल. एकेकाचा मुक्काम सरासरी चार आठवड्यांचा धरला तर वीस खाटांवर वर्षाला २६० माणसं. फिजिओथेरपीची ओपीडी असणं आणि अशा खाटा असणं यांत हा सगळा फरक आहे. ओपीडीत येऊ शकतो तो बहुतेक वेळा ज्याला चालता येतं तोच.

घरांबद्दलही बोललं पाहिजे, कारण ‘घर’ म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं घर असतं. हिरानंदानी इस्टेटमधल्या तीन बेडरूमच्या घरात फाऊलर कॉट (डोक्याकडून वर-खाली होणारा रुग्णालयी पलंग), कमोड चेअर आणि मावशी मावते. किसन नगरच्या एका खोलीत, सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काय मावतं? व्हीलचेअरची रुंदी साधारण दोन फूट किंवा थोडी जास्त. मोरीचं दार तेवढंच किंवा त्याहून कमी, वर उंबरठा. म्हणून घराचं माप डिस्चार्जनंतर नव्हे, दाखल असतानाच घ्यायचं असतं. दाराची रुंदी, पायऱ्यांची संख्या, कठडा कोणत्या बाजूला, पलंगाची उंची. आणि मग वॉर्डात सराव त्याच मापाचा. डावी बाजू लुळी आणि जिन्याचा एकमेव कठडा चढताना डावीकडे, एवढ्या एका गोष्टीवरून माणूस दोन वर्षं घराबाहेर पडत नाही.

आणि बाईला झटका आला तर? पुरुष ‘कामावर परत गेला’ की बरा झाला असं सगळे धरतात. बाईसाठी ती रेघ कुणी आखतच नाही. ती मोरीपर्यंत जाऊ लागली की थेरपी बंद होते, कारण तिला ‘कुठे जायचंय?’ एका हाताने पोळी लाटणं, कुकरचं झाकण लावणं, भाजी चिरायला खिळे लावलेला पाट वापरणं, गरम पातेलं न उचलता ओट्यावरून सरकवणं हे ऑक्युपेशनल थेरपीतलं रोजचं काम आहे. उपचाराचं उद्दिष्ट म्हणून ते तिच्या कागदावर कुणी लिहीत नाही. शिवाय घरचं पुनर्वसन स्वस्त पडतं असा जो हिशोब मांडला जातो, त्यात नोकरी सोडलेल्या सुनेचा किंवा मुलीचा पगार धरलेला नसतो. तो धरला, बारा तासांच्या मावशीचे महिन्याचे वीसेक हजार त्यात मिळवले, तर वॉर्डाचा महिना कितीसा महाग राहतो?

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चं कलम २७ सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर आरोग्यातल्या पुनर्वसनाची जबाबदारी टाकतं, ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पळवाट ठेवून. ठाणे आणि नवी मुंबई या राज्यातल्या गरीब महापालिका नव्हेत. सुरुवात वीसऐवजी दहा खाटांनी झाली तरी चालेल. जागा मुख्य रुग्णालयातच हवी असंही नाही. मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाचा बार्थेल गुणांक तीनदा नोंदवावा: दाखल होताना, घरी जाताना आणि झटक्यानंतर नव्वदाव्या दिवशी, आणि त्यांची सरासरी दर तिमाहीला पालिकेच्या संकेतस्थळावर टाकावी. नव्वदाव्या दिवसाचा आकडा घ्यायला कुणाला तरी त्या घरी जावं लागेल. ती भेट अंदाजपत्रकात आधीच धरलेली असावी, नाहीतर पहिली कात्री तिलाच लागते.